तिच्या चार मुठी

सकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. "बाबा, आई उकडपेंडीला चार मुठी कणिक घ्यायची ना? ती किती ग्रॅम भरंल हो?"

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. मी वजनकाटा काढला, कणकेचा डबा उघडला आणि त्या वासासरशी राजूरच्या क्वार्टरमधली एक सकाळ आठवली. तिला ताप होता, म्हणून उकडपेंडी मी करायला घेतली. चार मुठी मोजून टाकल्या, तर कढईत नुसता गोळा झाला. ती अंथरुणातून उठून आली. माझ्या मुठीला आपली तापलेली मूठ लावून बघितली आणि हसत सुटली.

"अवो, तुमच्या तीन मुठी म्हंजे माह्या चार!"

मला रागच आला. हात झटकून मी बाहेर निघून गेलो.

आज माझ्या तीन मुठी काट्यावर टाकल्या. एकशे ऐंशी ग्रॅम. लेकीला तेवढं कळवलं. मग चारनं भागलं. तिच्या एका मुठीचे पंचेचाळीस ग्रॅम मोजून तळहातावर घेतले आणि बोटं मिटली. मूठ भरली नाही. ती तशीच धरून मी कितीतरी वेळ ओट्याशी उभा राहिलो.