संपादक : सौ. सुमन

पुतण्याचा फोन आला, "मोठी आई, आई गेली." सुमन माझी धाकटी जाऊ. मी विचारलं, "पेपरात नाव देणार का?" दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'सेलूच्या जुन्या संपादिका'. वाचून रडू यायच्या ऐवजी माझ्या पोटात दुखलं. गेली तरी तीच.

सत्तरच्या दशकात माझ्या दिराने सेलूत साप्ताहिक काढलं. तो शाळामास्तर, नोकरीमुळे स्वतःचं नाव लावता येईना. घरात आम्ही दोघी जावा. मी चौथी शिकलेली, सुमन सातवी. नाव तिचं लागलं. चार पानांचा अंक. कापसाचे भाव, मास्तरांच्या बदल्या, जत्रा. घड्या मी घालायचे, गठ्ठे बांधून एस्टीच्या कंडक्टरकडे मी द्यायचे. बोरीला, पालमला अंक जायचा तो माझ्या हातचा. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र 'संपादक : सौ. सुमन'. तिने त्यातली एक ओळ लिहिलेली नसायची. पोस्टमन दारातून हाक मारायचा, "संपादकबाई!" ती पिठाचे हात पुसत जायची, आणि मी चुलीपुढे जळायचे.

आणीबाणीत अंक छापायच्या आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवावा लागे. दिराने एक अंक न दाखवताच छापला. पोलीस दारात आले.

"संपादक कोण हाय?"

दीर खाली बघत उभा. तो बोलला असता तर नोकरी गेली असती. सुमन पुढे झाली. "मी."

"पण लिवलंय कुणी?"

"नाव कुणाचं हाय त्यावर? चला."

मी तिच्या कानाशी म्हणाले, "अगं, तू तर ते वाचलंबी न्हाईस."

"तेच चुकलं, अक्का," ती म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

मला तिची काळजी वाटली नाही. मला वाटलं, आपल्याला कुणीच कसं विचारलं नाही?

संध्याकाळी तिला सोडलं. गल्लीतल्या बाया तिला बघायला आल्या. चहा मी केला. त्या आठवड्यात ती नवऱ्याला म्हणाली, "आता मी वाचल्याबिगर काईच छापायचं न्हाई." दीर हसला. तिने त्याचा लेख घेतला आणि अर्धा खोडला. "ह्यात तुमचा राग लय हाय, बातमी कुठं हाय?" पुन्हा तो हसला नाही. साप्ताहिक बंद पडेपर्यंत ती खरोखरची संपादक होती. एकदा मला म्हणाली, "अक्का, तुमचंबी नाव टाकू, व्यवस्थापक म्हणून." मी म्हणाले, "तुझं उष्टं नको मला." तिने परत विचारलं नाही... विचारायला पाहिजे होतं.

म्हातारपणी कुठलाही पेपर ती लाल पेन्सिल घेऊनच वाचायची. दुसऱ्यांच्या पेपरातही खोडायची. तसले खोडलेले पेपर तिच्या खाटेखाली अजून पडलेत.

आता पेपराच्या पुरवणीवाल्यांनी तिच्यावर हा लेख मागितला. खाली माझं नाव छापणार म्हणतात. तिने वाचला असता तर अर्धा खोडला असता. जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापून येतंय, आणि तेही तिच्याचमुळे.