नऊ पदार्थ संपेपर्यंत

ओस्विन नॉयबरला गावानं 'अक्रोडफोड्या' म्हणायला सुरुवात केली ती एकोणीसशे अठराच्या डिसेंबरात, आणि पुरल्यावरही त्याचं ते नाव सोडलं नाही. परवा पावाच्या दुकानात एक नवी आलेली बाई मला विचारते, "हुल्दाबाई, तो अक्रोडफोड्या तुमचा कोण लागायचा हो?" मी म्हटलं, "तुमचा कोणी लागत नव्हता ना? मग झालं." आणि पाव घेऊन निघाले. कोण लागायचा ते सांगायला निवांत बसावं लागतं.

सॅक्सनीच्या या डोंगरातल्या खाणी आटल्या तेव्हापासून आमचं गाव खेळण्यांवर जगतं. पुरुष ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या लेथवर लाकूड कातून धडं, हातपाय, टोप्या करतात. बायका रंगवतात आणि सशाच्या केसांच्या दाढ्या चिकटवतात. सगळ्यात जास्त खपतो तो अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई. पाठीमागची दांडी दाबली की त्याचा भलामोठा जबडा मिटतो आणि अक्रोड फुटतो. आम्ही त्याला कधी राजाचा, कधी फौजदाराचा वेष देतो. वर्षभर ज्यांच्यापुढे माना खाली घालायच्या त्यांच्याकडून निदान नाताळात तरी अक्रोड फोडून घ्यावेत, एवढीच आमची मजा.

दाढ्या चिकटवता चिकटवता प्रत्येक आई मुलींना एक गोष्ट सांगते. माझ्या आईनंही सांगितली होती. हा शिपाई मुळात एक देखणा तरुण. चेटकिणीच्या शापानं त्याचं अंग लाकडाचं झालं आणि तोंडाचं असं भगदाड झालं. नाताळच्या संध्याकाळी एखादी मुलगी त्याच्यासमोर जेवायला बसली, आणि नऊ पदार्थ संपेपर्यंत उठली नाही, की लाकूड तडकतं आणि आतला तरुण बाहेर येतो. बस्स, एवढीच गोष्ट.

न उठण्याचा नियम मात्र गोष्टीतला नाही, तो खराच आहे. नाताळच्या संध्याकाळी नऊ पदार्थ करायचे, प्रत्येक चाखायचा, आणि सगळ्यांचं होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. कोणी मध्येच उठलं तर त्या टेबलावरचं एक माणूस पुढचा नाताळ बघत नाही, असं मानतात. म्हणून पातेली, पाव, सुरी, मीठ, सगळं आधीच टेबलावर रचून ठेवायचं. घरची बाई त्या दिवशी डोक्यात दहादा यादी घोकत असते.

ओस्विन आणि मी लग्न करणार होतो. चौदा साली त्यानं एक फौजदार कातला आणि रंगवायला माझ्याकडे आणला. तो गावातला सगळ्यात सुबक हाताचा कातारी होता, आणि चर्चमध्ये गायचा तेव्हा म्हाताऱ्यासुद्धा मान वळवून बघायच्या.

"हुल्दे, याला माझं तोंड दे," तो म्हणाला.

"तुझं तोंड दिलं तर अक्रोड कोण फोडणार? हा नुसता गात बसेल."

"मग गाऊ दे की. फौजदार गातोय म्हणून जास्त खपेल."

मी खरंच त्याचं तोंड दिलं. तो फौजदार आम्ही विकला नाही. ओस्विन लढाईवर गेला तेव्हा तो आमच्या कपाटावर राहिला.

सोळा साली फ्रान्समध्ये तोफेच्या गोळ्याच्या तुकड्यानं त्याचा खालचा जबडा उडवला. पत्रात त्यानं फक्त 'तोंडाला लागलंय' एवढंच लिहिलं. दोन वर्षं तो इस्पितळांत होता. डॉक्टरांनी बरगडीचं हाड कापून हनुवटीला लावून बघितलं, सात वेळा. मला भेटायला येऊ दिलं नाही, म्हणजे त्यानंच येऊ दिलं नाही. इकडे त्याची आई सलगमाच्या हिवाळ्यात गेली. त्या हिवाळ्यात खायला दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही त्याला तेच नाव ठेवलं.

अठराच्या डिसेंबरात तो डोळ्यांखालपर्यंत राखाडी मफलर गुंडाळून बर्फातून चालत गावात आला. रस्त्यावरची पोरं ओरडली, "अक्रोडफोड्या आला!" पोरांना काय, जे रोज घरात बघतात त्याचंच नाव त्यांनी दिलं. पण मोठ्यांनीही तेच उचललं, आणि ते मी आजवर विसरलेले नाही.

चार दिवसांनी त्याची चिठ्ठी आली. 'नाताळच्या संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला येईन. मफलर काढून तुझ्यासमोर बसेन. शेवटपर्यंत बसलीस तर नव्या वर्षात पाद्रीबुवांना लग्नाचं सांगू. उठलीस तरी राग नाही.'

आईनं चिठ्ठी दोनदा वाचली. "अगं, हे पोर गोष्टीवर विसंबून बसलंय. सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, आणि शाप उतरायची वाट बघतोय."

बाबा म्हणाले, "बसायचंच तर आहे. नांगर नाही ओढायचा. बसशील ना, हुल्दे?"

"बसेन म्हणजे काय? बसणारच," मी म्हणाले. मला तेव्हा स्वतःची खात्री होती.

दोन दिवस मी तयारी केली. त्याला चावता येणार नाही हे मला कळत होतं. मसूर घोटली, बटाट्याचे गोळे मऊ ठेवले, आंबवलेला कोबी बारीक चिरून शिजवला, खारवलेल्या माशाचे काटे काढून लगदा केला. सगळं टेबलावर मांडलं आणि यादी घोकली. फौजदारही कपाटावरून काढून अक्रोडांच्या वाडग्याशेजारी ठेवला, कारण नववा पदार्थ अक्रोड.

सहाची घंटा झाली आणि आम्ही चौघं बसलो. ओस्विननं मफलर काढला.

उगाच सौम्य करून सांगत नाही. नाकाखाली चेहरा संपत होता. वरचे दात उघडे होते, त्याखाली शिवणींचा जांभळा गोळा होता आणि एक भोक होतं, त्यातून लाळ सतत गळत होती. तो चमच्यानं घास मागे लोटायचा, मान वर करायचा आणि गिळायचा. त्याचा आवाज व्हायचा. वर डोळे मात्र तेच होते, आणि ते माझ्यावर होते. मीही बघत राहिले. बाबा ओढा गोठल्यामुळे लेथची चाकं कशी थांबलीत ते सांगत होते, आई पदार्थ पुढे सरकवत होती. मसूर झाली, कोबी झाला, मासा, बीट, आळंबी. माझी पाठ घामानं भिजली होती, पण मी बसले होते. आठव्या पदार्थाला ओस्विनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, जमलं, आता जमलंच.

मग बाबांनी सवयीनं फौजदार ओढला. एकेक अक्रोड फोडून प्रत्येकाच्या ताटलीत टाकला. ओस्विनच्या ताटलीतही दोन कडक फोडी पडल्या. बाबांचा हात तिथेच थांबला. टेबलावर तो फौजदार ओस्विनच्या जुन्या तोंडानं हसत होता, आणि समोर ओस्विन त्या फोडींकडे बघत होता.

खल मी टेबलावर ठेवला नव्हता. सगळं घोटलं, सगळं मांडलं, आणि अक्रोड कुटायचा खल विसरले. मी त्याच्या ताटलीतल्या फोडी उचलल्या आणि उठले.

"हुल्दे, खाली बस!" आई ओरडली.

"आले," मी म्हणाले आणि कोठीत गेले.

मी कुटायलाच गेले होते, हे मी गावाला शंभरदा सांगितलं आणि ते खरं आहे. पण दोन फोडी कुटायला किती वेळ लागतो? कोठीत अंधार होता, गार होतं. मी भिंतीला कपाळ टेकलं. तासाभरात पहिल्यांदा तो चेहरा माझ्यासमोर नव्हता, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तशीच उभी राहिले. हे मात्र मी गावाला कधी सांगितलं नाही. वाटीत भुकटी घेऊन बाहेर आले तेव्हा त्याची खुर्ची मोकळी होती आणि दारातून बर्फ आत येत होता.

"त्यानं वाट बघितली गं तुझी," बाबा म्हणाले. "बरीच बघितली."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेले. दार उघडलं नाही. फटीखालून चिठ्ठी आली, 'राग नाही म्हटलं होतं. राग नाही.' मी दोन वर्षं दार वाजवत राहिले. तिसऱ्या वर्षी वाजवलं नाही. तो दोष त्याचा नाही, माझाच आहे.

गावात एकच व्यापारी माल उचलायचा, आणि शिपायांचे चेहरे रंगवणारी मी एकटीच उरले होते. म्हणून ओस्विन घरी कातायचा ती धडं माझ्याकडेच यायची. त्याची शेजारीण रोझल मावशी टोपली आणायची, न्यायची. त्याचं बोलणं फक्त तिला समजायचं. टोपलीत बारा धडं असायची, आणि जबडे वेगळे, एका फडक्याच्या पिशवीत. कठीण बीच लाकडाचे, घासून गुळगुळीत केलेले. जबडा बसवणं हे कातारीचं काम. तो जबडे कातायचा, पण स्वतः कधी बसवायचा नाही. ते मी बसवायची, खिळी ठोकून. अठ्ठावीस वर्षं आमचं एवढंच बोलणं झालं.

व्यापारी कुरकुरायचा, "हुल्दाबाई, तुमचे शिपाई रडके दिसतात. गिऱ्हाईक विचारतं, याला झालंय काय?"

"अक्रोड खाऊन पोट दुखतंय म्हणून सांगा," मी म्हणायची. लग्न मी केलं नाही. कोणी विचारलं नाही असं नाही.

दुसरी लढाई आली आणि गेली, रशियन शिपाई आले. सेहेचाळीसच्या डिसेंबरात रोझल मावशी टोपलीशिवाय आली. "छातीत भरलंय गं त्याच्या. मला म्हणाला, यंदा नाताळ मांडणार नाही."

"यंदा? म्हणजे दर वर्षी मांडायचा?"

"मांडायचा तर. एकटाच. नऊ वाट्या." मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही. "ताटल्या दोन असायच्या."

मी घरी येऊन चूल पेटवली. घरात होतं काय? सलगम, बटाट्याची सालं, थोडी मसूर, वाळलेली आळंबी, घोटभर दूध आणि व्यापाऱ्याकडून हट्टानं मिळवलेले दोन अक्रोड. त्यातून नऊ वाट्या केल्या, सगळ्या घोटून. पाव, दूध, चमचे, ताटल्या टोपलीत भरल्या आणि सगळ्यात वर खल ठेवला. सहाची घंटा व्हायच्या आत त्याचं दार वाजवलं.

तो दाराशी आला, मफलर गुंडाळलेला, धापा टाकत. "बसू का?" मी विचारलं. त्यानं टोपलीत सगळ्यात वर ठेवलेला खल बघितला. मग बाजूला झाला.

मी सगळं मांडलं. तो समोर बसला आणि त्यानं मफलर काढला. चेहरा तोच होता, फक्त शिवणींभोवती पांढरे केस उगवले होते. मी चोपन्न वर्षांच्या त्या माणसाकडे बघितलं आणि मला काहीच झालं नाही. या एवढ्याशा गोष्टीसाठी आमची दोन आयुष्यं गेली, याचा मला संताप आला.

"हे सलगम," मी म्हणाले. "हेही सलगमच, पण यात मीठ आहे. आणि हे सलगम, यात आशा आहे, मीठ संपलं."

त्याचे खांदे हलले. हसत होता. प्रत्येक वाटीतला एक चमचा त्यानं कष्टानं गिळला. लाळ गळली तेव्हा मी हात लांब करून पुसली, बसल्या जागेवरून. शेवटी खल पुढे ओढला आणि अक्रोड टेबलावरच कुटले. त्यानं भुकटी दुधात कालवून घेतली. मग तो काहीतरी बोलला. मला समजलं नाही. रोझल मावशीला समजणारं ते बोलणं मी अठ्ठावीस वर्षांत शिकले नव्हते. तो पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा समजलं.

"ऊठ आता."

"आधी तू," मी म्हणाले.

त्याला एकट्याला उठवेना. मी टेबलावरून हात पुढे केला, त्यानं धरला आणि आम्ही दोघं एकदम उठलो.

बाराव्या दिवशी तो गेला. नियम मोडला त्यानंतर तो अठ्ठावीस वर्षं जगला, आणि पाळला त्यावर बारा दिवस. पाद्रीबुवांना मी हे तोंडावर सुनावलं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मी मध्येच निघून आले.

पुरल्यावर रोझल मावशीनं त्याची शेवटची टोपली आणून दिली. बारा धडं होती. जबड्यांची पिशवी शोधली तर सापडेना. मग एकेक धड हातात घेतलं. बाराही जबडे बसवलेले होते. त्या बारा दिवसांत, तापात ठोकलेले, दोन तर वाकडे.

अकरा रंगवले आणि व्यापाऱ्याला दिले. बारावा रंगवला नाही. नाताळच्या संध्याकाळी मी त्याला टेबलावर समोर ठेवते, खल जवळ घेते आणि नऊ पदार्थ संपेपर्यंत उठत नाही.