कूलरपुढचा कंप्युटर

माझ्या धाकट्या चुलतभावाकडे कंप्युटर आला, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. लपवायचं काय त्यात?

वलगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण रेडिओ, टेप मी स्वतः खोलून शिकलो. गल्लीत कोणाचाही रेडिओ बंद पडला की माझ्याच ओट्यावर यायचा. चुलतभावाला तर सेल कोणत्या बाजूनं घालायचा तेही कळत नसे. आता त्याच्या पोरानं अकोल्याहून कंप्युटर आणून दिला, वर कॅमेरा बसवला, अन् हा गडी खुर्चीत रेलून जगाशी बोलायला लागला.

जगाशी बोलला असता तर मला काय करायचं होतं? पण तो माझ्या नातीशी बोलायचा. पोरगा माझा पुण्याला, नात तिकडेच वाढते. आमच्या घरी बटणाचा फोन. म्हणून बायको रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन पडद्यावर नात पाहून यायची. मी गेलो नाही. त्यानं बायकोजवळ निरोप दिला होता, पण स्वतः येऊन 'या' म्हटलं नव्हतं.

एक दिवस बायको हसतच आली.

"अवो, पोरगी त्याहिलेच आबा म्हणून राहिली!"

"त्याले? मंग मी कोण?"

"तुमी दिसतच नाही तिले. इतकं पोटात दुखते तं चला ना उद्या."

मी ताटावरून उठलो.

मग उन्हाळा लागला अन् त्याचा कंप्युटर रुसला. बोलता बोलता पडदा काळा. अमरावतीच्या दुकानात नेला की दिवसभर छान चालायचा, घरी आणला की थोड्याच वेळात मान टाकायचा. भिंतीपलीकडून चुलतभावाची चिडचिड ऐकली की मला गार वाटायचं. पण बायको चेहरा पाडून परत यायची, मग तेही सुख टिकायचं नाही.

शेवटी तो स्वतः ओट्यावर आला. "दादा, पाहाले येता का? तुमाले समजते थोडंफार."

"थोडंफार?"

"बरं बाप्पा, सगळंच समजते. चला."

गेलो. पाहतो तर कंप्युटरचा डबा स्टुलावर, थेट कूलरच्या तोंडासमोर.

"हे काय गा?"

"यंत्र गरम होते म्हणे. म्हणून सगळी हवा त्यालेच देऊन राहिलो. मी बसतो बाजूले, घाम पुसत."

आमच्याकडे कूलरसमोरची जागा पाहुण्याची. यानं ती कंप्युटरला दिली होती!

डब्याच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं. ओलसर. बोटाला पांढरं लागलं, बोअरच्या पाण्याचा क्षार. माझा टीव्ही एका उन्हाळ्यात असाच गेला होता. दुकानात डब्यावर कूलरची ओली हवा येत नव्हती, म्हणून तिथं तो चालायचा. वायरी काढल्या, झाकण खोललं, मऊ ब्रशनं झाडलं, दुपारभर पंख्याखाली वाळू दिलं. कूलर पार दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायला लावला.

संध्याकाळी कंप्युटर चालू झाला. पुण्याला लावलं. मी कोणाला न विचारता त्याच्या खुर्चीत बसलो. तो अन् बायको माझ्या मागे उभे. पडद्यावर नात आली, दोन शेंड्या, हनुवटीवर आंब्याचा रस. मी टोपी नीट केली.

"ओळखलं का मले?"

तिनं मान वाकडी करून माझ्या खांद्यामागं पाहिलं. "तुम्ही बाजूला व्हा ना. आबा दिसत नाहीत."

मागे चुलतभाऊ खुदकन हसला. "दादा, थोडं सरका. मी समजावतो तिले."

"मी सरकत नसतो." मी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ गेलो. "आबा मी आहो. तो तुया बाबाचा काका आहे, शेजारी राह्यते."

तिनं विचार केला. "मग तुम्हाला गाणं येतं? ते आबा रोज म्हणतात."

रोज! बायकोनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी आयुष्यात गाणं म्हटलेलं नाही.

"त्याच्याहून चांगलं येते," मी म्हणालो, अन् सुरू केलं.

पहिल्याच ओळीला तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मी दुसरी ओळ आणखी मोठ्यानं धरली.