केशरबाईंची खिडकी

साईनाथ गुरव गोंधळला नाही, असा दिवस अजून उगवायचा आहे. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तो गेली सत्तावीस वर्षं लोकांच्या लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. मूळ संगमेश्वरकडचा. काम शिकला ते ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत. तेव्हा दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर एवढाच सगळा संसार. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलात बसवला की गिऱ्हाईक खूश. एकदा घाईघाईत त्याने गुलाबात नवरीऐवजी आचाऱ्याला बसवलं होतं, आणि ती कॅसेट त्या घरात बरीच वर्षं मोठ्या हौसेने पाहिली गेली. पुढे कॉम्प्युटर आला, ड्रोन आला, एका लग्नाला चार-चार कॅमेरे आले. प्रत्येक नव्या गोष्टीला साईनाथ आधी आठवडाभर भंजाळला आणि मग शिकला.

मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात छोटं चित्र बसवण्याला जाणकार लोक पिक्चर इन पिक्चर म्हणतात. साईनाथ खिडकी म्हणतो. खिडकी बसवायला दोन मिनिटं लागतात. ती कुठे बसवायची याला दोन दिवस. वरच्या कोपऱ्यात ठेवली तर मंडपाची झालर झाकली जाते आणि झालरीवर यजमानांचं नाव असतं. खालच्या कोपऱ्यात ठेवली तर मुलीचा मामा झाकला जातो. झालर झाकली तर यजमान रागावतो, पण मामा झाकला गेला तर दोन्ही घरं रागावतात. हे त्याला कुठल्याही कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

काळुराम म्हात्रेंच्या हर्षितचं लग्न त्याच्याकडे आलं तेव्हा मात्र खिडकीचीच मागणी होती. काळुरामशेठची आई केशरबाई म्हणजे त्यांच्या गावची धवलारीण. आगरी लग्नात धवला गाऊन विधी पुढे नेणारी बाई ती धवलारीण. जुन्या काळी तिच्या गाण्यावरच लग्न लागायचं. केशरबाईंनी पन्नास वर्षांत आसपासच्या गावांतली किती लग्नं गायली याला गणती नाही. आणि नेमकं नातवाचं लग्न तोंडावर आलं असताना त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लग्नाचं लॉन होतं कल्याणच्या पुढे. खाटेवरून उठणं शक्य नव्हतं. पण म्हातारी हट्टाला पेटली. नातवाचं लग्न माझ्या धवल्याशिवाय लागायचं नाही, म्हणाली.

मग तोड निघाली. घरी खाटेसमोर एक कॅमेरा लावायचा, तिथे साईनाथचा कॅमेरामन राजरत्न. केशरबाईंनी मोबाईलवर गायचं. लॉनवर त्यांची सून, काळुरामशेठची बायको लक्ष्मी, आपला मोबाईल माईकला लावून उभी राहणार, म्हणजे धवला सगळ्या मांडवाला ऐकू येईल. आवाज घुमू नये म्हणून राजरत्नने घरच्या मोबाईलचा स्पीकर बंदच ठेवला. भटजींच्या मंगलाष्टकांआधी केशरबाई वीस मिनिटं गायल्या, आणि लॉनवर बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"साईनाथ, मोठ्या चित्रात लगीन," काळुरामशेठने बजावलं, "आणि कोपऱ्यात आय गाताना दिसली पायजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. रविवारी हर्षित आणि सूनबाई घरी हायेत, तवा आयला दाखवू."

साईनाथने काम सुरू केलं. लॉनवरचे चारही कॅमेरे आणि घरचा पाचवा एकाखाली एक लावले, पहिल्या कडव्यावर आवाज जुळवला, कोपऱ्यात खिडकी बसवली, तिला सोनेरी काठ दिला. मामा झाकला गेला नाही. पहिलं कडवं असं जुळलं की त्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायची बाकी ठेवली.

दुसऱ्या कडव्यापासून म्हातारीचे ओठ भलतीकडे आणि आवाज भलतीकडे.

कॅमेऱ्यांचा वेग वेगळा असला की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वेग तपासला, सारखाच होता. मग त्याला वाटलं, मोबाईलवरून आवाज उशिरा पोचला असेल. त्याने खिडकी थोडी पुढे सरकवली. एक ओळ जुळली, पुढची निसटली. त्याने प्रत्येक ओळ कापून वेगळी जुळवायला घेतली, तर खिडकीत केशरबाई श्वास घ्यायला थांबलेल्या आणि आवाज मात्र चालूच. तोंड मिटलेलं आणि गाणं सुरू! साईनाथच्या डोक्याला मुंग्या आल्या. आपल्यालाच कमी ऐकू येतंय की काय, म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. कान ठणठणीत निघाले, त्यामुळे तो आणखीच गोंधळला.

राजरत्नला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, मी तिकडे होतो ना. आजी एक सेकंद थांबली नाही. मी पूर्ण घेतलंय."

तिसऱ्या दिवशी, काही सुचेना म्हणून, तो लॉनवरचे चारही कॅमेरे आळीपाळीने बघत बसला. पहिल्यात नवरा-नवरी. दुसऱ्यात पाहुणे. ड्रोनमध्ये टोप्या आणि फेटे. चौथा कॅमेरा बाजूला उभा होता, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यात मांडवाच्या खांबाआड लक्ष्मी दिसत होती. एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोबाईल. पहिलं कडवं संपता संपता तिने मोबाईलकडे पाहिलं. कानाला लावला. चेहरा पांढराफटक पडला. मग तिने मोबाईल कमरेला खोचला, डोळे मिटले आणि माईक तोंडाशी धरला.

फोन कट झाला होता. पुढचा सगळा धवला लक्ष्मी गायली होती, आणि तिकडे केशरबाई बंद पडलेल्या मोबाईलसमोर जीव तोडून गात राहिल्या होत्या.

साईनाथला भरून आलं आणि घामही फुटला. गेले तीन दिवस तो दोन बायकांचे आवाज एका तोंडात बसवत होता. त्याने लक्ष्मीला फोन लावला.

"वहिनी, धवला तुम्ही गायलात?"

पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. "भावजी, पाया पडते, आयला सांगू नका. एवढ्या दुखण्यात त्या गायल्या. त्यांना वाटतंय त्यांच्याच धवल्यावर लगीन लागलं. शेठलाही ठाव नाय."

"पण आवाज इतका सारखा कसा?"

"तीस वरसं आयकतेय."

आता काय करायचं? खरं दाखवावं तर म्हातारीचं मन मोडणार; खोटं दाखवावं तर कसं, हेही कळेना. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. लॉनवरचा आवाज पूर्ण काढला आणि घरचा, केशरबाईंचाच आवाज सगळ्यावर टाकला. पण आता माहीत झाल्यावर त्याला मोठ्या चित्रातही मागे, खांबाआडून, लक्ष्मीचे ओठ हलताना दिसू लागले. म्हणून त्याने उलटंच केलं: केशरबाई मोठ्या चित्रात आणि लग्न कोपऱ्यातल्या खिडकीत. एवढ्याशा खिडकीत कोणाचे ओठ कोण बघणार! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मामाला जाणूनबुजून दिसेनासं केलं.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन म्हात्र्यांच्या घरी गेला. टीव्हीला वायर जोडली. खाटेवर केशरबाई उशीला टेकून बसल्या होत्या. हर्षित आणि त्याची बायको पायथ्याशी. लक्ष्मी दारातच उभी राहिली.

दोनच मिनिटांत काळुरामशेठ भडकला. "अरे, हे काय केलंस? लगीन माझ्या पोराचं, नि तो तिकिटाएवढा! आय मोठी, लगीन बारकं? येड लागलंय काय?"

"शेठ, ती नवीन पद्धत आहे," साईनाथ पुटपुटला. त्याचं त्यालाही पटलं नाही.

"गप ऱ्हा रं काल्या," केशरबाई म्हणाल्या. त्या मान पुढे काढून टीव्हीतल्या खिडकीत बघत होत्या. "पोरा, ते बारकं मोठं कर."

साईनाथने सारवासारव केली, पण म्हातारी ऐकेना. लग्न मोठं झालं. केशरबाई बघत राहिल्या, ओठांतल्या ओठांत गात राहिल्या आणि एकाएकी थांबल्या.

"हलदीच्या ओलीला करवल्यांनी तांदूल उधललं. हलद लावायच्या ओलीला तांदूल कोन उधलतं?" त्यांनी साईनाथकडे पाहिलं. "आवाज माझा हाय. पन ह्या आवाजावर यो लगीन नाय लागला. कोन गायलं?"

काळुरामशेठ गोंधळून आईकडे, मग साईनाथकडे बघत होता. साईनाथ जमिनीकडे. शेवटी लक्ष्मीच पुढे आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"फोन तुटला, आय. भटजी थांबलं व्हतं. मना काय सुचला नाय."

केशरबाईंचा चेहरा पडला. साईनाथला वाटलं, उठून पळून जावं. म्हातारी बराच वेळ बंद मुठीने गोधडी दाबत राहिली. मग म्हणाली, "आयकव."

साईनाथने लॉनवरचा आवाज चालू केला. लक्ष्मीचा धवला खोलीत भरला. केशरबाईंनी डोळे मिटले. प्रत्येक ओळीला त्यांचं एकेक बोट गोधडीवर टेकत होतं. हळदीच्या ओळीला हळद लागली, तांदळाच्या ओळीला तांदूळ पडले.

"कवा शिकलीस?"

"भाकऱ्या थापताना. तुमी ओटीवर गायच्या तवा."

"मना का नाय सांगलास?"

"लगीन होऊन आले त्याच वर्षी तुमी म्हनल्या, हिला गला नाय."

म्हातारीने डोळे उघडले, पण सुनेकडे बघितलं नाही. टीव्हीकडेच बघत म्हणाली, "म्हनले आसंन." मग तिचा हात लक्ष्मीच्या मनगटावर येऊन पडला आणि तिथेच राहिला.

"पोरा, माझा आवाज काढून टाक. यो ठेव."

"आणि तुम्ही? तुमची खिडकी?"

"कोपऱ्यात ठेव. मी गायलेय न? मंग दिसूदे गाताना."

साईनाथने तिथेच बसून बदल केला. मोठ्या चित्रात लग्न आणि लक्ष्मीचा आवाज. कोपऱ्यात, सोनेरी काठात, केशरबाई. आवाज नसलेल्या. पण पहिल्या कडव्यानंतर ओठ कुठेच जुळत नव्हते. सून ओळ संपवायची तेव्हा सासू तिच्या अर्ध्यावर असायची. हात आपोआप माउसकडे गेला. निदान दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ तरी जुळवून घेऊ, म्हणून त्याने खिडकी पकडली.

"ऱ्हाऊदे रं," केशरबाई म्हणाल्या. "ती तिच्या तालानं गाते. मी माझ्या."