जोतीरामची सात मिनिटं

बावड्याच्या दूध संकलन केंद्रावर जोतीराम चौदा वर्षं काट्याशी बसतोय. माणूस देवभोळा, पण देवाला फार वेळ न देणारा. सकाळचं दूध उरकून घरी आला की पूजेला बसायचा आणि उठताना अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "सात मिन्टं! देव बी खूश, आन् आमी बी मोकळं." देव खूश आहे हे त्याला कुणी सांगितलं, ते देवच जाणे.

केंद्रावर बारामतीच्या एका कंपनीनं टॅब बसवला होता. काट्यावर दूध ठेवायचं, फॅट लागली की जोतीरामनं बटण दाबायचं, आकडे बारामतीला की आभाळात कुठंतरी जायचे आणि पावती बाहेर यायची. सगळ्यांची पावती डोळ्याचं पातं लवेस्तोवर यायची. एकाच माणसाची अडायची, आणि तो माणूस म्हणजे चेअरमन हिंदुराव.

पहिलं दूध चेअरमनचं, असा केंद्राचा रिवाज. बाकीचे किटल्या घेऊन मागं उभे, हिंदुराव पुढं. जोतीराम बटण दाबायचा आणि मग काहीच व्हायचं नाही. टॅबवर गोल फिरत राहायचं, हिंदुराव मिशी ओढत राहायचे. नऊ-नऊ सेकंद. चारचौघांत नऊ सेकंद हात पुढं करून उभं राहणं चेअरमनला किती लांब वाटतं, ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यांच्यामागं मोहनराव. त्यांची पावती टुपकन यायची. मोहनराव म्हणजे निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचे पुढारी, आणि जोतीरामनं मत त्यांना दिलं हे गावात म्हशींनासुद्धा ठाऊक.

"ह्यो मुद्दाम माझी पावती अडवतोय," हिंदुरावांनी कंपनीला फोन लावला. कंपनीनं कागद पाठवला, 'आमचं काम ०.२ सेकंदात होतं. विलंब चालकाकडून.' चालक म्हणजे जोतीराम. झालं. शनिवारच्या बैठकीत जोतीरामला उठवून काट्यावर चेअरमनचा पुतण्या विजयसिंह बसवायचा, असं ठरल्यातच जमा होतं. जोतीरामनं देवाला सांगून पाहिलं, पण सातच मिनिटांत सांगितलं, तेवढ्यात काय होणार?

गुरुवारी संध्याकाळच्या दुधाच्या वेळी कंपनीची वैदेही बारामतीहून एसटीनं आली. चालक खरंच किती उशीर करतो, ते बघायला. पोरगी सरळ होती. तिनं हिंदुरावांच्या पावतीला स्वतः सेकंद मोजले, नऊ भरले. मग टॅबनं लिहिलेली बटणाची वेळ आणि बारामतीकडं नोंदलेली पावतीची वेळ शेजारी ठेवल्या आणि कपाळाला हात लावला.

"काका, ह्या हिशेबानं तुम्ही बटण दाबायच्या सहा मिनिटं आधीच पावती तयार झालीय."

मोहनराव मागून म्हणाले, "चेअरमनचं दूध हाय ते. मोजायच्या आधीच फॅट ठरतीया."

हिंदुराव लालबुंद. जोतीराम मात्र खाली बघायला लागला. "ताई, टॅबचं घड्याळ मीच सहा मिन्टं म्होरं केलंय. लोकं येळंवर येत न्हाईत."

"कंपनीच्या टॅबचं?"

"त्येच्याकडं बघूनच तर येत्यात सगळी."

वैदेही हसली, पण अंदाजानं सरकवलेल्या घड्याळावर सेकंदांचा हिशेब लागेना, तिचा पुरावा गेला तो गेलाच. शेवटची एसटीही गेली. जोतीरामची बायको सारजा म्हणाली, "ऱ्हावा आमच्यात. म्हशीचं दूध पिऊन कोण मरत न्हाय."

शुक्रवारी सकाळीही नऊ सेकंद. घरी येऊन जोतीराम पूजेला बसला, वैदेही पोह्यांची बशी घेऊन ओट्यावर. घंटा वाजली, आरती झाली, जोतीराम उठला. "सात मिन्टं!"

"काका, एवढ्यात आटोपलं?"

सारजा स्वयंपाकघरातूनच बोलली. "व्हय, सातच. ताम्हण आपसूक घासलं जातं ह्येंचं. फुलं चालत येत्यात. वाती मांजर वळतंय, आन् गंध देव सोता उगाळून ठिवतो. ह्ये पाटावर टेकलं की घड्याळ चालू! मी साडेसातला लागलीया त्या कामाला, त्ये कुणी मोजायचं?"

"आगं, पूजा म्हंजे पूजा. ती तयारी झाली."

"मग तयारीबिगर करून दावा की एकदा."

वैदेहीचा चमचा बशीत तसाच राहिला. "काकू, अहो, आमचीपण हीच चूक आहे!"

मग तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं. कंपनीचं स्वतःचं यंत्र नसतं. काम आलं की भाड्याची जागा उघडते, आणि बराच वेळ कुणी फिरकलं नाही की बंद होते. बंद जागेत पहिला माणूस आला की आधी कुलूप काढायचं, सामान मांडायचं, वह्या उघडायच्या. त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. मागून येणाऱ्याला सगळं मांडलेलं मिळतं. "आणि आम्ही घड्याळ लावलं कुठं? सामान मांडून झाल्यावर. पाटावर बसल्यावर. ०.२ सेकंद ही नुसती पूजा झाली."

"मंग चेअरमनला ताम्हण घासायला उभं करताय व्हय रोज?" सारजा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

दुपारभर वैदेही लॅपटॉपला डोकं लावून बसली. दोन घड्याळं एकमेकांशी जुळवायच्या फंदात ती आता पडली नाही. बटणापासून पावतीपर्यंतचं सगळं टॅबच्या एकाच घड्याळावर मोजायचं. तिकडच्या यंत्रानं मांडामांड किती आणि काम किती, एवढं आपल्या घड्याळावर मोजून पाठवायचं. प्रत्येक पावतीला एक नंबर, तो जाताना-येताना तोच. मांडामांड नि काम वजा करून उरेल ते वाटेतलं. मग तिनं रिकाम्या केंद्रात स्वतः बटण दाबलं, पाण्याची किटली काट्यावर ठेवून. नऊ सेकंद. लगेच पुन्हा दाबलं, पावती हजर. तासाभरानं दाबलं, पुन्हा नऊ. जोतीराम तेव्हा घरी घोरत होता.

शनिवारी बैठकीत तिनं सकाळच्या पहिल्या पावतीचा कागद वाचला. एकूण ९.४ सेकंद. मांडामांड ८.६, काम ०.२, वाटेत ०.६. "काकांनी बटण दाबल्यानंतरचं आहे हे सगळं. चूक आमच्या मोजण्यात होती, तसं लिहून आणलंय."

हिंदुरावांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हंजे मी चेअरमन हाय म्हणून न्हाय?"

"तुम्ही पहिले आहात म्हणून."

"गावची सेवाच की," मोहनराव म्हणाले. "मशीन उठवायचं काम चेअरमन करत्यात, आमी आयतं दूध घालतो."

हिंदुरावांनी विजयसिंहकडं पाहिलं, जोतीरामकडं पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "जोतीराम काट्यावरच ऱ्हाऊ द्या. आन् उद्यापासनं पयला मान मोहनरावांचा."

मोहनरावांनी तो आनंदानं घेतला. नऊ सेकंद छाती काढून, चहूकडं बघत उभे राहू लागले. आठवड्यानं वैदेहीनं सोय केली, टॅब चालू केला की तोच तिकडं आधी हाक मारून जागा उघडून ठेवतो. पहिली पावतीही टुपकन यायला लागली. हिंदुराव मान परत मागायला गेले, तर मोहनराव म्हणाले, "आता मला सवय झाली."

टॅबचं घड्याळ वैदेहीनं बरोबर केलं, तेव्हापासून निम्मं गाव सहा मिनिटं उशिरा येतं. जोतीरामची पूजा अजून चालू आहे. कुणी विचारलं तर तो "सात मिन्टं" म्हणतो, मग ताम्हण घासून चिंचेनं काळवंडलेल्या आपल्या बोटांकडं बघून हळूच पुस्ती जोडतो, "आन् त्येच्या आधी चाळीस."