मावशींच्या दंडावरचा उजेड

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी रेडिएशनचा डोस मोजायचं काम करते. कुणाला किती किरणं, कुठे आणि कोणत्या बाजूनं द्यायची, हे गणित माझ्याकडे. लोक या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, पण त्या वेळी अंगाला काहीच जाणवत नाही. भीती मात्र भरपूर.

मध्यंतरी आमच्याकडे एक कॅमेरा चाचणीसाठी आला. किरणं अंगात शिरली की तिथून निळसर उजेड निघतो, इतका मंद की डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा तो टिपतो. जिथे डोस पडला, तिथे पडद्यावर निळं. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. पण जिवंत माणसाच्या अंगावर ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हातातला चहा प्यायचा राहून गेला.

बाळापूरकडच्या एक मावशी यायच्या. घरची वांगी-मेथी विकणाऱ्या, तोंडानं फटकळ. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं. शेक घेताना हात डोक्यावर घेऊन अगदी स्थिर पडायचं असतं. पहिले दोन दिवस निळा ठसा ठरल्या जागी, छातीवर उमटला. तिसऱ्या दिवशी त्याच्या बाहेर, डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, एक पट्टा चमकला.

“थांबवा!” मी ओरडले. मशीन बंद झालं आणि मी आत धावले. मावशींचा दंड घसरून किरणांच्या वाटेत आला होता. कपाळावर घाम.

“मावशी, हात दुखतो का?”

“दुखते ना! खांदा सकाळपासून ठणकून राहिला.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“तुमीच म्हनलं, हालू नका, बोलू नका. मंग कोनाले सांगू, छताले?”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. आमच्याच सूचना त्यांनी तंतोतंत पाळल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, तेवढ्यानं दंडाला काही होणार नव्हतं. कोपराखाली जाड उशी दिली, जागा पुन्हा जुळवली आणि राहिलेला डोस दिला.

खांदा मोकळा व्हावा म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम त्यांना शिकवला. त्यांनी तो गोठ्याच्या भिंतीवर केला, रोज पोचेल तिथे कोळशाची रेघ मारून. “आज गाईच्या शिंगाच्याही वर गेली रेघ,” असा अहवाल मला मिळायचा. दंडावर पुन्हा निळं दिसलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना त्यांचंच चित्र दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “अवो, मी तं चांगलीच चमकून राहिली!”

बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पहिलाच दिवस. दोनदा नाव पुकारूनही उठत नव्हते. मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“भिता काहून भाऊ? काई पोळत नाही. अंगातून निळा उजेड निघते, या पोरी बाहेरून पाहतात. अन् काई दुखलं तं हात हलवून सांगा, माह्यासारखं गप पडू नका.”

म्हातारबाबांनी माझ्याकडे पाहिलं. “मी तं काळासावळा हावो बाई. माहा उजेड दिसन का?”

“दिसेल की,” मी म्हणाले.

ते काठी टेकत उठले आणि माझ्याआधी दारापाशी जाऊन उभे राहिले.