'गेली' म्हणणारा शालिग्राम

शालिग्राम जानेफळचा. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि ते मी लपवतही नाही. पुण्यात दोन वर्षं प्रोग्रामरची नोकरी केली, साहेबाशी भांडून परत आला आणि इकडे मेहकरात सगळ्यांचा 'सर' झाला. चूक दाखवली की समोरच्याची अक्कल काढतो. "तुले सी भाषा समजते काय?" झालं, बोलणं संपलं.

आमच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. ते अकोल्याच्या डॉक्टरांकडे पाठवणारा प्रोग्राम यानंच लिहिला. फाइल पोचवायचं खरं काम लिबकर्ल नावाची तयार लायब्ररी करते, यानं फक्त तिला हुकूम सोडायचे. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'गेली' आलं की माझं काम संपलं. अकोल्याहून फोन आला तर हाड मोडलेलं. नाही आला तर पेशंट गोळ्या घेऊन घरी. पद्धतच तशी पडली होती.

सोजराबाई शनिवारी अशीच सुलतानपूरला घरी गेली. मोडलेल्या खुब्यावर चार दिवस चालली बिचारी! बुधवारी लेकानं उचलून आणलं, आणि आमचे डॉक्टरसाहेब माझ्यावर बरसले. शालिग्राम शेजारीच उभा. "प्रोग्राम खोटं बोलत नाही साहेब. हिनंच फोटो पाठवला नसन."

माझ्या नोकरीवर आलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यासमोरच अकोल्याला फोन लावला, स्पीकरवर. तिकडचा माणूस म्हणाला, "शनवारपासून आमची डिस्क भरेल हाय. तुमची फाइल आली का आमचा सर्व्हर 'जागा नाही' म्हणून राह्यला. तुमचा प्रोग्राम ते वाचत नाही काय?"

नव्हता वाचत! लायब्ररी एवढंच सांगते, की पलीकडच्याशी बोलणं पार पडलं. तो काय म्हणाला, हे वेगळं विचारावं लागतं. आणि हा शहाणा म्हणजे दारातून हाकललं तरी लग्नाची पत्रिका देऊन आलो म्हणणारा.

त्यानं मुकाट्यानं प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. "आता बरोबर हाय."

"म्हंजे आधी चुकीचं होतं ना? बोला की!"

तो रुमालानं स्क्रीन पुसायला लागला. जीव गेला असता तरी बोलला नसता.

शनिवारपासूनचे फोटो मोजले. तेवीस. एकही पोचला नव्हता.

डॉक्टरसाहेबांनी दार लोटलं. "संजीवनी, तुझी चूक नाही. नोकरी पक्की. पण हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. डिस्क मोकळी झाली की गुपचूप पाठवून देऊ."

"हाव साहेब," शालिग्राम लगेच म्हणाला. तेव्हा मात्र बरी वाचा फुटली!

मी पेशंटचं रजिस्टर उचललं, बाहेर आले आणि भरल्या बाकड्यांसमोर तेवीस जणांतला पहिला नंबर लावला. शालिग्राम मागे धावला. "काऊन वं, चांगल्या नोकरीले लाथ मारून राह्यली?"

"हॅलो, बनाबाईच्या घरून बोलता काय?" मी मोठ्यानं म्हणाले. "त्याईचा फोटो कोणी पाह्यलाच नाही. त्याईले चालू देऊ नका. एक पाऊलसुद्धा."